कर्णिकबाईंची म्हातारी

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दर जूनमध्ये पहिल्या सभेत म्हणायच्या, "या शाळेतल्या सगळ्या मुली आपल्याच आहेत असं समजून शिकवा." हे म्हणताना त्यांची नजर मूलबाळ नसलेल्या शिक्षिकांवर जाऊन थांबायची आणि आवाज मऊ व्हायचा. अशा दोघी होत्या. एक लहानपणीच विधवा झालेल्या. त्या पदराशी चाळा करत बसायच्या. दुसऱ्या शालिनी कर्णिक. एका वर्षी कर्णिकबाई जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "नाही हो बाई, त्या आपल्या नाहीत. पाच वाजता त्या घरी जातात आणि मला हायसं वाटतं."

सभेत कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं, म्हणून मी हजेरीपट उघडून बेरजा तपासायला लागले. मी गणित शिकवायची. आमची ओळख त्या दिवसापासून.

शाळा गिरगावात होती आणि मी शाळेच्या मागच्याच चाळीत राहायची. आमचे हे, तीन मुलं आणि दोन खोल्या. कर्णिकबाई दादरहून ट्रामने यायच्या. त्या भूगोल शिकवत. फळ्यावर नकाशा काढताना हातात पुस्तक घेत नसत. कोकणचा किनारा वरून खाली एका दमात उतरवायच्या, पण राज्याच्या सीमेशी आल्या की खडू अगदी हलका धरायच्या. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती, मुंबई कोणाकडे जाणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मुलींनी विचारलं की म्हणायच्या, "अजून ठरायचंय. वहीत पेन्सिलीनं काढा."

ठरवून टाकण्याची त्यांना एकूणच धास्ती होती. कुठलीही वस्तू घेताना त्या आधी विचारायच्या, "परत घ्याल ना?" साडीच्या दुकानात हे शोभतं. कर्णिकबाई तांब्या घेताना विचारायच्या, केरसुणी घेताना विचारायच्या. एकदा शाळेबाहेरच्या भाजीवालीला त्यांनी पावशेर वांग्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "घेते की बाई. घरी जाऊन वांग्याशी पटलं नाही तर आणून द्या. मी काय, नांदवते त्यांना." मी पुढचे चार दिवस त्यांना वांग्याचं सासर कसं आहे म्हणून विचारत होते. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "सामंतबाई, माझ्या आयुष्यात एकच गोष्ट अशी आहे की ती परत करता येत नाही आणि तिची मुदतही संपत आली आहे." हे त्या हसतच बोलल्या, त्यामुळे मला तेव्हा अर्थ लागला नाही.

त्यांच्या तोंडी आणखी एक प्रकार असे. वर्गावरून आल्या, खुर्चीत बसल्या, की हळूच म्हणायच्या, "काल ती म्हातारी पुन्हा आली होती." किंवा, "म्हातारीनं आज सकाळपासून पिच्छा धरलाय." शिक्षकखोलीत बाकीच्यांना वाटे, या सासूबद्दल बोलतात. चित्रकलेच्या बाई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "कर्णिकबाईंची सासू फार जाच करते वाटतं?" सासू तर अशी होती की तिच्यासारखी सासू मी दुसरी पाहिली नाही. ही म्हातारी वेगळी. ती कोण, ते मला संचारबंदीत कळलं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगाव, लालबाग, परळ पेटले, त्या जानेवारीतली गोष्ट. दुपारी शाळा सोडून दिली. मुली घरी पोचत्या केल्या तोवर ट्राम बंद. गोळीबाराचे आवाज येत होते. कर्णिकबाई दोन दिवस आमच्याकडे अडकल्या. दोन खोल्यांत सहा माणसं. माझ्या मुलांनी त्यांच्याकडून सगळ्या देशांच्या राजधान्या वदवून घेतल्या, धाकट्याने त्यांच्या चष्म्याची दांडी मोडली. त्यांनी दोऱ्याने बांधली आणि तशीच वापरली.

शेजारच्या पाटकरीणबाईंची मुलगी फोर्टात टेलिफोनवर नोकरीला होती. एकोणीस वर्षांची. ती पहिल्या दिवशी घरी आलीच नाही. पाटकरीणबाई गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. कोणी पाणी दिलं तर पेला धरायच्या आणि तसाच परत करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. ठाकूरद्वारला मैत्रिणीकडे राहिली होती. पाटकरीणबाईंनी तिच्या एक मुस्कटात मारली आणि लगेच तिला पिठलंभात वाढला. मुलगी गाल चोळत जेवत होती आणि आई समोर बसून तिचे घास मोजल्यासारखी बघत होती.

कर्णिकबाई आमच्या दारातून हे सगळं पाहत होत्या. आत येऊन त्या म्हणाल्या, "ही भीती मला नको होती. म्हणून तर मी मूल होऊ दिलं नाही."

मी कणीक मळत होते. हात थांबला. मला वाटत होतं, चारचौघांना वाटे तेच, की देवाने दिलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ भावंडांत थोरल्या. नवव्याच्या वेळी आई गेली. कर्णिकबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. ते नववं त्यांनी कापसाच्या वातीने दूध पाजून वाढवलं, मधली सगळी न्हाऊमाखू घातली, दोघांना देवीच्या साथीत घालवलं. "माझं आईपण तेव्हाच वापरून झालं, सामंतबाई. पाहायला आले तेव्हा मी यांना एकटं गाठून सांगितलं, मला मूल नको, चालत असेल तर हो म्हणा. हे म्हणाले, मलाही हौस नाही, मला झोप फार लागते." एका डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी काय ती काळजी घ्यायला शिकून घेतलं. घरात कोणाला सांगितलं नाही. सासूबाई आपोआप समजल्या की सुनेला होत नाही. तो समज मोडायला नको, वादच नको, असं दोघांनी ठरवलं.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"आता सदतिसावं लागलंय. आणि ती म्हातारी यायला लागलीय."

म्हातारी म्हणजे त्या स्वतःच. साठीतल्या. "ती येते आणि समोर बसते. पांढरे केस, माझंच नाक. विचारते, तू हे काय करून ठेवलंस? तुला तेव्हा नको होतं, पण मला हवं होतं ना? माझ्या वतीनं नाही म्हणायला तुला कोणी सांगितलं?" कर्णिकबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तिला मी काय उत्तर देऊ? मला आज मूल नको आहे. खरंच नको. पण तिला हवं असेल तर? मी तिला ओळखतच नाही."

मी म्हटलं, "ती आली नाही असंही होईल. साठीत तुम्हाला बरंच वाटेल."

"तेच कोणीतरी मला लिहून द्या," त्या म्हणाल्या.

तिथून त्यांचा तो उद्योग सुरू झाला. साठीच्या पुढचं माणूस दिसलं की त्या बोलणं काढायच्या आणि फिरवून फिरवून तिथंच आणायच्या. ट्रामच्या थांब्यावर एक मासेवाली रिकामी पाटी घेऊन बसायची, कुलाब्याकडची. कर्णिकबाईंनी तिला विचारलं, "मावशी, मुलं किती?"

"पाच हायत."

"म्हातारपणी बघतात?"

"बघतात ना. थोरला बघतो नि सांगतो धाकट्याकडं जा. धाकटा बघतो नि सांगतो थोरल्याकडं जा. माझं चालनं चांगलं ऱ्हायलंय त्यानं."

"मग नसती झाली तर बरं झालं असतं असं वाटतं का?"

मासेवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाय, तुला नाय का?"

"नाही."

"मग माझं कशाला इचारते? माझी काय नेनार हायस?"

कर्णिकबाईंनी शाळेच्या जुन्या शिपायाला विचारलं, चौपाटीच्या बाकावरच्या दोन पेन्शनरांना विचारलं, माझ्या आत्येला विचारलं. आत्येला मूल नव्हतं. आत्या म्हणाली, "दिवसा काही वाटत नाही. सणाला वाटतं." कर्णिकबाई मला म्हणाल्या, "वर्षात सण किती?" मी मोजून सांगायला लागले तेव्हा त्यांनीच मला थांबवलं.

मी गणिताची बाई. मला हे सगळं मांडणीतच चुकीचं वाटत होतं आणि मी तसं सांगितलं. "ज्यांना मुलं आहेत त्यांना नसण्याचं ठाऊक नाही. ज्यांना नाहीत त्यांना असण्याचं ठाऊक नाही. दोन्ही करून पाहिलेला माणूस जगात नाही. मग तुम्ही तुलना कोणाशी करता?"

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

मला तो प्रश्न कधीतरी येणार हे ठाऊक होतं. मी म्हणाले, "धाकट्याच्या वेळी मला नको होतं. मी रडले, उपास केले, जिने चढले-उतरले. तरी तो झाला. आता तो आहे. त्यानं तुमचा चष्मा मोडला. त्याच्या तोंडाकडे बघून 'नको होता' हे वाक्य मला मनातसुद्धा पुरं करता येत नाही. पण याचा अर्थ मला तेव्हा हवा होता असा होत नाही. म्हणून माझं उत्तर तुम्ही धरू नका."

ट्राम आली, त्या चढल्या, आणि दांडी धरून उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे झालं की हवं होतं, आणि नाही झालं की नको होतं. आणि दोन्ही खोटं."

बाहेर मोर्चे चालूच होते. शिक्षकखोलीत कोणी म्हणालं, या निवडणुकीनंतर काय ते ठरेलच. कर्णिकबाई म्हणाल्या, "राज्याचं बरं आहे. या वर्षी नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा मोर्चा काढता येतो. माझी तारीख गेली की गेली." चित्रकलेच्या बाईंना वाटलं, पगारवाढीबद्दल बोलतात.

नवऱ्याची त्यांना मदत नव्हती, आणि त्यांचा दोषही नव्हता. अनंतराव नकाशे काढायचे, इमारतींचे. सज्जन, अबोल गृहस्थ. कर्णिकबाईंनी त्यांना विचारलं, आपण विचार बदलायचा का? ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." रोज विचारलं तरी रोज तेच. "त्यांनी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते," कर्णिकबाई म्हणाल्या. "हवं म्हटलं असतं तर त्यांच्यावर टाकून मोकळी झाले असते. हा माणूस माझ्या हातात सगळं ठेवतो आणि घोरायला लागतो."

आता माईंबद्दल. माई म्हणजे त्यांच्या सासूबाई. बहात्तरीच्या, ठेंगण्या, गोऱ्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या. नात्यातली एक बाई कुणाच्या तरी लग्नात म्हणाली होती, अनंताला दुसरी करून द्या. माई भर मांडवात म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला करून देऊ का? बघ, मुली आहेत बऱ्या." त्यानंतर त्या घरात कोणी तो विषय काढला नाही. हळदीकुंकवाला जाताना माई सुनेला पुढे घालून न्यायच्या आणि कोणी ओटी भरताना तिला टाळते का, हे दारात उभ्या राहून बघायच्या.

कर्णिकांचं घर माशांवर जीव टाकणारं. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मासा. सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा खाल्ली. पण माई पानात वरणभात घ्यायच्या. डॉक्टरांनी बंद केलंय, पोटाला चालत नाही, असं त्या सांगत. आणि मंगळवारी प्रभादेवीच्या गणपतीला जात. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

एका एप्रिलमध्ये मी परीक्षेचे पेपर घेऊन दादरला गेले. कर्णिकबाई बाहेर गेल्या होत्या. माईंनी मला बसवलं, सरबत दिलं, दार लोटून घेतलं आणि फडताळातून एक डबा काढला. चिंचोक्यांनी भरलेला.

"तू गणिताची ना? मला एक मोजून दे. शालूला सांगायचं नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी, पाडव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी त्या प्रभादेवीला जाऊन बोलल्या होत्या, माझ्या सुनेची कूस उजवेपर्यंत मी मासा तोंडात घालणार नाही आणि एक मंगळवार चुकवणार नाही. डॉक्टरांचं निमित्त होतं. दर मंगळवारी आल्यावर डब्यात एक चिंचोका. "नऊ वर्षं झाली. देव ऐकत नाही असं होत नाही. माझंच काही चुकलं असणार. मंगळवार किती झाले आणि चिंचोके किती आहेत, एवढं बघ."

मला सगळं ठाऊक होतं. त्या बाईला नातवंड का नाही, हे तिच्या देवाआधी मला ठाऊक होतं. आणि मी काय केलं, तर पेन्सिल घेतली. नऊ वर्षांचे दिवस तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी, दोन लीप वर्षं धरून. सातने भागलं. पहिला मंगळवार धरून चारशे सत्तर. मग चिंचोके मोजले, दहादहाचे ढीग करून, दोनदा. चारशे बासष्ट.

"आठ कमी आहेत," मी म्हणाले.

आज वाटतं, चारशे सत्तर म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या मोजून पाहणार नव्हत्या. पण समोर आकडा असताना मला दुसरा आकडा सांगता येत नाही. माझ्या स्वभावातली ही गोष्ट मी आयुष्यभर गुण म्हणून सांगत आले.

माईंचा चेहरा उजळला. त्यांना कारण सापडलं होतं. "बहिणीच्या सुतकाचे दोन," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "संचारबंदीचा एक. मलेरियाचे दोन, नाही तीन. बाकीचे दोन कुठले गं?" मला ते कसं ठाऊक असणार. मी सरबताचा पेला खाली ठेवला आणि निघाले. कर्णिकबाईंना काही बोलले नाही. दुसऱ्याच्या देवाच्या मध्ये पडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. तो भित्रेपणा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत, कर्णिकबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"माई मंगळवारी रस्त्यात पडल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी जाऊन आल्या होत्या, दुपारी पुन्हा अनवाणी चालत निघाल्या. मे महिनाभर अशा दोनदा जात होत्या. मी ओरडले तर म्हणाल्या, आठ भरून काढायचे आहेत, पाच झाले. कसले आठ, तर म्हणाल्या, सामंतबाईंनी हिशोब करून दिलाय."

मी बाजूला सरून त्यांना आत यायला वाट दिली.

"तुम्हाला माहीत होतं. आम्हा दोघांशिवाय जगात हे माहीत असलेल्या तुम्ही एकट्या. आणि तुम्ही भागाकार केलात?"

"त्यांनी विचारलं," मी म्हणाले.

"मीही विचारलं होतं. मला म्हणालात, माझं उत्तर धरू नका. त्यांना मात्र आकडा दिलात."

त्या दारातच बसल्या, उंबऱ्यावर, आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "नऊ वर्षं मी त्यांच्यासमोर मासे तळतेय. त्या मला सांगायच्या, तुकडी आणखी थोडी खरपूस कर, अनंताला आवडते. मी गप्प राहिले, वाद नको म्हणून. मला वाटलं, खोटं तर बोललो नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी माईंना खरं सांगितलं. कसं ते त्यांनी मला ट्रामच्या थांब्यावर उभ्या उभ्या ऐकवलं. माई अंथरुणावर होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अनंताला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, माई."

माई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. कर्णिकबाई पायथ्याशी बसून होत्या. बऱ्याच वेळाने माईंनी कूस बदलली आणि म्हणाल्या, "मग आता हवंय का तुला?"

"मला कळत नाही, माई."

"पुढं पस्तावशील का?"

"तेच कळत नाही."

माई म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कर्णिकबाईंनी मुद्दाम मोठं पापलेट आणलं, आलं-लसूण लावून तळलं आणि एक तुकडी माईंच्या पानात वाढली. माईंनी ती तुकडी उचलून अनंतरावांच्या पानात ठेवली.

"आता कशासाठी, माई?" कर्णिकबाई म्हणाल्या. "आता तर काही राहिलं नाही."

"मी देवाशी बदलून घेतलंय," माई म्हणाल्या. "आता नातवंड नको मागत. तुला कधी पस्तावा होऊ नये, एवढं मागितलंय."

मला हे सांगताना कर्णिकबाईंचा आवाज अगदी सपाट होता. म्हणाल्या, "सामंतबाई, तुम्ही हिशोबाच्या. सांगा. पहिला नवस मूल झालं असतं तर फिटला असता. हा कधी फिटणार? मला पस्तावा झाला नाही हे कुठल्या दिवशी सिद्ध होतं?"

मी म्हणाले, "कुठल्याच नाही."

"मेल्यावर," त्या म्हणाल्या. "माझ्या. तोवर माई असणार आहेत का?"

मी त्यांना विचारलं, की मग अजून वेळ आहे, चाळीस व्हायला आठ-नऊ महिने तरी आहेत, मूल होऊ द्यावं असं वाटतं का? त्या म्हणाल्या, "आता कसं होऊ देऊ? ते मला हवं म्हणून होईल की माईंनी मासा खावा म्हणून होईल, हे मला स्वतःला तरी कळेल का? त्याला काय सांगू, तू कोणासाठी आलास?" मग म्हणाल्या, "आणि तरी रोज सकाळी वाटतं, अजून आहे. अजून आठ महिने आहेत. अजून सात." आकडे सांगायला त्यांना आता माझी गरज नव्हती.

चाळिसाव्या वाढदिवशी त्या शाळेत आल्या, सातवीला मान्सूनचे वारे शिकवले, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून डबा खाल्ला. मी वाढदिवसाबद्दल बोलले नाही. डबा धुऊन आल्यावर त्या म्हणाल्या, "झालं." एवढंच.

त्यांचा प्रश्न सुटला असं मला तेव्हा वाटलं. कसाही का होईना, सुटला. मुदत संपली की माणूस निवांत होतो, हा माझा हिशोब. तो किती चुकला होता ते मला पुढच्या मे महिन्यात दिसलं. महाराष्ट्र झाला होता, मुंबई मिळाली होती, दादरला घरोघर तोरणं होती. अनंतरावांना नागपूरकडे नोकरी लागली होती आणि आठवड्याभरात बिऱ्हाड हलायचं होतं. मला त्यांनी जेवायला बोलावलं. त्यानंतर दोन-तीन पत्रं आली, मग तीही थांबली. त्यामुळे मी कर्णिकबाईंना पाहिलं ते त्याच दुपारी शेवटचं.

जेवताना मी कर्णिकबाईंकडे पाहत होते. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अनंतरावांच्या बोलण्यावर हसत होत्या, सामानाच्या गोंधळावर हसत होत्या, नागपूरच्या उन्हावर हसत होत्या. आमटीत मीठ जास्त झालं त्यावरही हसल्या. माई वरणभात कालवत होत्या आणि प्रत्येक वेळी मान वर करून सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, दूध उतू जातंय का बघावं तसं. हसू दिसलं की पुन्हा पानात बघायच्या.

निघताना कर्णिकबाई मला पोचवायला जिन्यात आल्या. दोन मजले उतरलो. तिसऱ्या वळणाला, जिथून वरचं दार दिसत नाही, तिथं त्या पायरीवर बसल्या. पाय पुढे टाकून, भिंतीला डोकं टेकून.

"पाच मिनिटं बसा," त्या म्हणाल्या. "घरात मला चेहरा पाडता येत नाही. पाडला की त्यांना वाटतं देवानं ऐकलं नाही. परवा मला नुसती सर्दी झाली होती, डोळे लाल होते, तर मंगळवार सोडून सोमवारीही गेल्या."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण आमच्यात तशी सवय नव्हती.

"म्हातारी येते का अजून?" मी विचारलं.

"रोज. पण मी तिच्याशी बोलत नाही. माई ओळखतील." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आज वाटतंय, सामंतबाई. साठीची वाट बघावी लागली नाही. कधीकधी दुपारी वाटतं, कधी नाही. आणि हे मी कोणाला..."

पदराचा बोळा तोंडावर दाबून त्या बसून राहिल्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता. आवाज न होऊ देता रडण्याची त्यांना सवय झालेली दिसत होती.

वरून कठड्याशी माईंचा आवाज आला. "शालू? अगं, काय झालं? थांबलात का गं?"

कर्णिकबाईंनी पदर खाली केला आणि वर तोंड करून मोठ्याने, हसत म्हणाल्या, "काही नाही, माई. सामंतबाईंनी विनोद सांगितला."

मग त्या उठल्या. निऱ्या सारख्या केल्या, माझ्याकडे न बघता मान हलवली आणि चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर त्या हसत होत्या, वरच्याला ऐकू जाईल इतपत. मी खालीच उभी होते. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मला ते हसू ऐकू येत होतं.

माझी आणि माईंची ओळख सात-आठ वर्षांची. मला विनोद सांगता येत नाही, हे माईंना चांगलं ठाऊक होतं.